प्राध्यापकाच्या जाहिरातीतून विभागप्रमुख कसा शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका राज्य विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात मंजूर पदं १४, त्यातली भरलेली ५. शेवटचे प्राध्यापक निवृत्त झाले तेव्हापासून प्रभारी कार्यभार एका सहयोगी प्राध्यापक बाईंकडे आहे. बाकीचं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींच्या जिवावर चाललंय. आता प्राध्यापकाचं एक पद भरायला मान्यता मिळाली आहे आणि जो कोणी येईल त्याच्याच गळ्यात विभागप्रमुखपद पडणार आहे. विज्ञान प्रशालेच्या संचालक विचारतात: विभाग उभा करील असा माणूस जाहिरातीतून मिळतो का, आणि वीस मिनिटांच्या मुलाखतीत तो ओळखायचा कसा?

मॅडम, मी दोन वेळा विभागप्रमुख होतो आणि निवृत्तीनंतर विषयतज्ज्ञ म्हणून बऱ्याच निवड समित्यांवर बसलो. त्यावरून सांगतो, आपल्याकडे विभागप्रमुखाची भरती होतच नाही. परदेशातल्या अनेक विद्यापीठांत विभाग चालवायला म्हणून बाहेरून माणूस आणतात, त्यासाठी शोध समिती नेमतात, पगाराची बोलणी होतात. आपल्याकडे शोध समिती ऐकू येते ती कुलगुरूंच्या निवडीत. विभागात प्राध्यापक भरला जातो आणि प्रमुखपद साधारणपणे ज्येष्ठतेप्रमाणे, आळीपाळीने, ठरावीक मुदतीसाठी फिरत राहतं. त्यामुळे जाहिरात, छाननीचा तक्ता, मुलाखतीचं पत्र, कुठेच ‘प्रमुख’ हा शब्द येत नाही. सगळी यंत्रणा संशोधक मोजते, आणि मग एके दिवशी त्या संशोधकाच्या हातात डेड स्टॉक रजिस्टर, हजेरीपट आणि अकरा थकलेली बिलं पडतात. तुमच्याकडे तर आळीपाळीला दुसरा प्राध्यापकच नाही. म्हणजे हा माणूस कित्येक वर्षं त्या खुर्चीत. तेव्हा प्रमुख कसा हवा, हे जाहिरातीच्या आधी तुम्ही स्वतःशी ठरवा, कारण कागद तुम्हाला ते कुठेच विचारणार नाही.

ठरवायचं कसं? आधी त्या पाच जणांशी बोला. एकेकट्याशी, आणि त्यांच्या खोलीत जाऊन. स्वतःच्या केबिनमध्ये बोलावलंत तर सगळे म्हणतील, ‘सब ठीक आहे मॅडम, फक्त पदं भरा.’ त्यांच्या खोलीत बसलात की टेबलावरचा पेपरांचा गठ्ठा दिसतो, विषारी वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड बंद पडलेला दिसतो, दारात ताटकळणारा पीएच.डी.चा विद्यार्थी दिसतो. आणि एक माणूस विसरू नका, जुना प्रयोगशाळा परिचर. विभागाची खरी तब्येत त्याला ठाऊक असते.

एका विद्यापीठात मी तज्ज्ञ म्हणून गेलो होतो. वरून निरोप स्पष्ट होता, ‘नॅनोमटेरियल्समधला जोरदार माणूस द्या.’ मुलाखती सुरू व्हायला वेळ होता म्हणून मी विभागात चक्कर मारली. एनएमआरच्या, म्हणजे रेणूंची रचना ओळखणाऱ्या यंत्राच्या, खोलीला कुलूप. परिचर म्हणाला, ‘साहेब, ते मशीन गेलं.’ एनएमआरचा चुंबक अतिवाहक असतो, म्हणजे अतिथंड असेपर्यंत त्यात विजेला अडथळाच होत नाही. तो द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावा लागतो आणि त्याभोवती द्रव नायट्रोजन असतो. नायट्रोजन आठवड्या-पंधरवड्याला भरायचा, हेलियम काही महिन्यांनी. हेलियमची पातळी खाली गेली तर चुंबक तापतो, अतिवाहकता जाते, उरलेला हेलियम काही मिनिटांत उकळून उडून जातो आणि यंत्र परत उभं करायला काही लाख लागतात. त्या विभागात हेलियमच्या खरेदीची फाइल लेखा विभाग आणि खरेदी कक्ष यांच्यात चार महिने हेलपाटे घालत होती. दर वेळी एक नवा शेरा. चुंबक काही शेऱ्यांसाठी थांबला नाही.

त्या विभागाला गरज होती ती फाइल स्वतः उचलून लेखाधिकाऱ्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसणाऱ्या माणसाची. आम्ही दिला नॅनोमधला जोरदार माणूस. चुकीचा नव्हता, पण त्याला हव्या त्या सुविधा तिथे नव्हत्या आणि त्या उभ्या करण्याची त्याची प्रकृती नव्हती. तो आपले नमुने दुसऱ्या संस्थेत पाठवून पेपर काढत राहिला. मशीन होतं तिथेच राहिलं.

आता कागदाकडे येऊ. यूजीसीचे २०१८ चे विनियम तुम्हाला पाठ असतील: प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., किमान १० प्रकाशनं, १० वर्षांचा अध्यापनाचा किंवा समकक्ष स्तरावरचा संशोधनाचा अनुभव, पीएच.डी.साठी यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा आणि संशोधन गुण १२०. हा १२० चा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो. जरा आकडेमोड करून बघा. विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला ८ गुण. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, २ ते ५ च्या दरम्यान असेल तर वर २० ची भर धरतात. झाले २८. दोनापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला त्याचे ७० टक्के, म्हणजे १९.६, आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के, म्हणजे ८.४. स्वतः पुढाकार घेतलेले सात निबंध झाले की १२० पार. आणि दुसऱ्यांच्या यादीत मधल्या जागी नाव असलेले पंधरा निबंध झाले तरी १२० पारच. छाननी समितीच्या तक्त्यात हे दोन उमेदवार शेजारी शेजारी, दोघांसमोर ‘पात्र’. पहिल्याने प्रयोगशाळा चालवलेली असण्याची शक्यता दाट. दुसऱ्याने कदाचित फक्त क्रिस्टलचं एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी रचनेची तपासणी, करून दिलेलं असतं. त्यात गैर काही नाही, पण फरक तुम्हाला निबंध उघडूनच कळेल. माझी सवय अशी की प्रत्येक उमेदवाराचे शेवटचे पाच निबंध काढायचे आणि शेवटचा परिच्छेद वाचायचा, आभाराचा. पैसे कोणाचे, उपकरण कोणाचं, विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती कुठून. दहा वर्षांत सगळी कामं एकाच जुन्या गाइडच्या प्रकल्पावर झालेली दिसली तर त्या माणसाने स्वतः कधी पैसा आणलेला नाही. २०२५ मध्ये यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादीही बंद केली, तेव्हा जर्नल बरं की भुरटं हे ठरवण्याचं काम आता सरळ तुमच्या माथ्यावर आहे.

मुलाखतीला किती भार आणि कागदाला किती, याचे नियम राज्यात मध्यंतरी बदलत राहिले. जाहिरातीच्या तारखेला जो शासन निर्णय लागू असेल तोच फाइलला लावा आणि बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांचा क्रम) तपासून घेतल्याचं पत्र त्याच्या मागे. ही दोन पानं नसल्यामुळे न्यायालयात अडकलेल्या निवडी मी पाहिल्या आहेत. त्यावर जास्त लिहीत नाही, तुमच्या आस्थापना विभागाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

जाहिरातीतून माणूस मिळतो का? खरं सांगायचं तर अर्ज मिळतात. माणसाला फोन करावा लागतो. यात काही बेकायदेशीर नाही. ‘पद निघालंय, बघा’ एवढंच सांगायचं, आश्वासन कसलंही द्यायचं नाही, आणि सांगायचं ते दहा जणांना, एकाला नाही. कोणाला सांगायचं, यात मात्र डोकं लागतं. केंद्रीय संस्थांमधले प्राध्यापक ६५ ला निवृत्त होतात, राज्य विद्यापीठातले ६० ला. आयसरसारख्या केंद्रीय विज्ञान संस्थेतला पंचेचाळिशीचा माणूस पाच वर्षांची नोकरी सोडून तुमच्याकडे का येईल? आलाच तर घराजवळ यायचं असतं म्हणून, आईवडील थकले म्हणून. अशी माणसं असतात आणि ती फार चांगली निघतात, पण ती जाहिरात वाचत बसलेली नसतात. दुसरा मोठा साठा तुमच्या पायाशी आहे, अनुदानित महाविद्यालयांतले प्राध्यापक. पदव्युत्तर विभाग, पीएच.डी.चे विद्यार्थी, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं, प्राचार्य आणि संस्थाचालक या दोन दगडांवरची कसरत, हे सगळं ज्यांनी पंधरा वर्षं केलंय, त्यांच्याकडे कारभाराची समज आयती असते. त्यांना अडवते ती वेगळीच गोष्ट. जो १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत लागला त्याला जुनी पेन्शन आहे, आणि योग्य मार्गाने अर्ज, धारणाधिकार (मूळ पदावर परतायचा हक्क), सेवा जोडून मिळणं यातला एक कागद चुकला तर ती जाईल अशी धास्ती असते. तुमच्या कुलसचिवांनी फोनवर दहा मिनिटं हे नीट समजावून सांगितलं तर दोन चांगले अर्ज जास्त येतील. जाहिरातीवर केलेल्या कुठल्याही खर्चापेक्षा ही दहा मिनिटं जास्त कामाची.

परदेशातून परतू पाहणारी मराठी मंडळीही असतात. त्यांचा घोळ छाननीत होतो: पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, वर्षं ‘समकक्ष स्तर’ धरायची की नाही. छाननी समितीने हे अर्ज उघडण्याआधी ठरवावं, लेखी, आणि सगळ्यांना सारखं लावावं. अर्ज बघून ठरवलं की त्याला वास यायला लागतो.

वयाबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८ विद्यार्थी असू शकतात, पण निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. ५७ वर्षांचा नामांकित माणूस आणलात तर तो पहिल्या दिवसापासून मावळतीचा. विभागाची घडी बसायला माझ्या अनुभवात पाच वर्षं लागतात. तेव्हा ४५ ते ५२ या पट्ट्यात जास्त शोधा.

याच मुद्द्यावर मला नेहमी मुंबईच्या यूडीसीटीची आठवण येते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, स्थापना १९३३. के. वेंकटरामन १९३८ पासून जवळजवळ दोन दशकं तिथे संचालक होते, तिथून ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले. १९६४ मध्ये त्याच विभागाने केंब्रिजहून आलेल्या मनमोहन शर्मांना थेट प्राध्यापक नेमलं. वय २७. आजच्या नियमाने हा अर्ज छाननीतच बाद, दहा वर्षांचा अनुभव कुठून आणणार? पुढे शर्मा तिथे संचालक झाले, १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळी आहे: त्यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी आणि गणपती यादव यांनी नंतर तीच संस्था चालवली, आणि २००८ मध्ये विद्यापीठाचा हा विभाग स्वतःच अभिमत विद्यापीठ झाला. सत्तावीस वर्षांचा माणूस तुम्ही नेमू शकत नाही, ते सोडा. उमेदवाराने घडवलेली माणसं आज कुठे आहेत, हे मात्र विचारू शकता. बायोडेटात ‘मार्गदर्शन: ९ पीएच.डी.’ असं असतं. त्या नऊ जणांची नावं घ्या आणि त्यातल्या तिघांना फोन करा. मी एकच विचारतो, ‘तुमचा पहिला पेपर नाकारला गेला तेव्हा सर काय म्हणाले?’ या प्रश्नावर माणसं आधी हसतात किंवा गप्प होतात, आणि दोन्हींतून बरंच कळतं.

बाकीच्या शिफारशींचं म्हणाल तर पत्रांवर माझा काडीचा विश्वास नाही. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखं, नावं बदलायची फक्त.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सगळ्या पात्र उमेदवारांना विभागात व्याख्यानाला बोलवा. मुलाखतीच्या टप्प्यावर चर्चासत्रातून किंवा वर्गातल्या पाठातून अध्यापनाची आणि संशोधनाची जाण पाहायला विनियमांत जागा आहे, फारसं कोणी ती वापरत नाही. प्रत्येकाला तोच वेळ, तेच सभागृह, श्रोते म्हणजे एम.एस्सी.ची मुलं आणि ते पाच शिक्षक. नंतर प्रत्येकाला विभाग फिरवून आणा, तासिका तत्त्वावरचा एखादा मुलगा सोबत द्या. कोण त्या मुलाला नाव विचारतो, कोण उपकरणाची नोंदवही उघडून शेवटची नोंद कधीची ते बघतो, कोण नुसता ‘छान, छान’ म्हणत घड्याळाकडे बघतो. याला गुण देता येत नाहीत आणि द्यायचेही नाहीत. पण दुसऱ्या दिवशी समितीत काय विचारायचं ते यातून मिळतं.

समितीत कुलगुरू, कुलपतींचे प्रतिनिधी, तज्ज्ञ, कुलसचिव सगळे असतात, आणि पहिली दहा मिनिटं ‘आपल्या संशोधनाबद्दल सांगा’ यात जातात. ते उमेदवाराला झोपेतही येतं. मी कुलगुरूंना आधीच विनंती करतो की ते तीन मिनिटांत आटपू या. मग मी एक प्रसंग देतो, शक्यतो त्याच विभागातला. ‘मार्च महिना आहे. केंद्राच्या फिस्ट योजनेतून विभागाला मिळालेल्या निधीतले काही लाख खर्चायचे राहिलेत, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचंय, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर एकच पुरवठादार आलाय आणि लेखा विभागाने फाइल परत पाठवलीय. उद्या सकाळी काय कराल?’ काही उमेदवार प्रशासनावर व्याख्यान देतात. एका बाईंनी मला उलट विचारलं होतं, ‘परत पाठवताना शेरा काय मारलाय?’ मी तिथेच पेन खाली ठेवलं. शेरा वाचल्याशिवाय फाइल हलत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याने कधीतरी फाइल हलवलेली असते.

दुसरा प्रश्न भांडणाचा. प्रत्येक विभागात एक जुनं भांडण असतं, एखाद्या खोलीवरून किंवा अभ्यास मंडळातल्या जागेवरून. ‘तुमच्या आजवरच्या विभागात कोणाशी तुमचं पटलं नाही आणि शेवटी ते कुठे येऊन थांबलं?’ ‘माझं सगळ्यांशी पटतं’ म्हणणारा एक तर खोटं बोलतोय, नाही तर त्याने कधी काही ठरवलेलंच नाही.

आता अवघड भाग, तुमच्या प्रभारी बाई. त्या स्वतः अर्ज करतील का हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं करतील, आणि करायलाच हवा. विभाग त्यांनी पडत्या काळात सांभाळला. समितीपुढे आतल्या उमेदवाराचं दोन तऱ्हांनी वाटोळं होतं: एक तर ‘आपल्याच आहेत’ म्हणून बाकीच्या मुलाखती नाटक ठरतात, नाही तर त्यांचे सगळे दोष माहीत असल्याने बाहेरचा अनोळखी माणूस सोन्याचा दिसायला लागतो. दुसरी चूक मी स्वतः केली आहे. एका ठिकाणी आम्ही तीन तज्ज्ञांनी आतल्या बाईंना डावलून बाहेरचा झगमगीत माणूस निवडला. दीड वर्षात तो धारणाधिकारावर मूळ संस्थेत परत गेला आणि त्याच बाईंना पुन्हा प्रभारी व्हावं लागलं. मला एका परिषदेत त्या भेटल्या. चहा घेतला, माझ्या नातवाची चौकशी केली, त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. ते मला आजही लागून राहिलंय. तुमच्या बाईंची निवड होवो न होवो, निकाल त्यांना सूचना फलकावरून कळता कामा नये. तुम्ही स्वतः जाऊन सांगा, त्याच दिवशी.

निवड झाली की बोलणी काय करणार? पगार ठरलेला, वेतनस्तर १४, सुरुवात १,४४,२०० पासून. तिथे तुमच्या हातात काही नाही. तुमच्या हातात आहे ते असं: पाण्याची आणि विजेची सोय असलेली रिकामी प्रयोगशाळा, विद्यापीठ निधीतून थोडं बीजभांडवल, कॅम्पसवर राहायला घर, पहिली दोन सत्रं शिकवण्याचा बेताचा भार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाकीच्या रिकाम्या पदांपैकी पुढची पदं मागताना त्याचं मत घेतलं जाईल याची खात्री. हे सगळं तोंडी सांगू नका, व्यवस्थापन परिषदेचा ठराव करून ठेवा. कुलगुरू बदलतात.

आणि नियुक्तीचं पत्र लवकर काढा. निवड समितीच्या बैठकीपासून पत्र हातात पडेपर्यंत सहा-सहा महिने गेलेले मी पाहिलेत. तोवर मूळ संस्थेत त्या माणसाची बढती होते, मुलाचं दहावीचं वर्ष सुरू होतं, बायकोची बदली रद्द होते, आणि तुमच्या फाइलवर ‘उमेदवार रुजू झाले नाहीत’ एवढाच शेरा उरतो. प्रतीक्षा यादी मुदतीत वापरा, त्यात कमीपणा नाही.

तो किंवा ती रुजू होईल त्या दिवशी पुष्पगुच्छ द्या, फोटो काढा, हरकत नाही. पण त्याआधी प्रभारी बाईंना सोबत घेऊन तीन गोष्टींची यादी करून ठेवा: कुठल्या उपकरणांचा देखभाल करार कधी संपतो, कुठल्या प्रकल्पांची प्रमाणपत्रं थकली आहेत, कुठल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सध्या गाइडच नाही. शेवटची यादी सर्वांत आधी द्या. तुमचे प्राध्यापक निवृत्त झाले तेव्हा त्यांचे विद्यार्थी कुठे गेले, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. जाहिरातीचा मसुदा पाठवाल तेव्हा तेही कळवा.